अकलूज ओव्हरहेड

पुण्यात पत्ता विचारणाऱ्याला ‘मला माहीत नाही’ असं उत्तर मिळाल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. माहीत असो वा नसो, हात वर होतो, बोट ताठ होतं आणि ‘असेच सरळ जा, मग उजवीकडे वळा’ हे वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडतं. मी याच परंपरेत वाढलेला माणूस. तरुणपणी मी एका घाईतल्या गृहस्थांना प्रसूतिगृहाचा पत्ता इतक्या ठामपणे सांगितला होता की, ते थेट एका मंगल कार्यालयात जाऊन पोचले. क्रम थोडा उलटा झाला, एवढंच. पण सांगताना माझा आवाज जरासुद्धा कापला नव्हता, आणि आपल्याकडे सगळं महत्त्व त्याला असतं. याला आपण आत्मविश्वास म्हणतो.

आत्मविश्वास हा सद्गुण आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘गणित कच्चं, पण आत्मविश्वास चांगला’ असा शेरा असायचा आणि वडील पहिला भाग विसरून दुसरा भाग पाहुण्यांना वाचून दाखवायचे. पुढे बँकेत लागलो. तिथे तर आत्मविश्वासावरच तीस वर्षं काढली. खातेदार काउंटरवर काहीही विचारो, ‘होईल, सोमवारी या’ हे शब्द एकदा खणखणीत आवाजात म्हणता आले की, माणूस साहेब व्हायला मोकळा. मी यथावकाश साहेब झालो आणि 2001 साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलो.

निवृत्तीच्या पैशात लोक फ्लॅट घेतात, मुलीचं लग्न करतात, नाहीतर चारधाम करून येतात. मी विमान चालवायला शिकायचं ठरवलं. व्हाउचरच्या पाठकोऱ्या कागदांची विमानं करण्यात माझी उभी नोकरी गेलेली होती. शिवाय खाजगी वैमानिकाच्या परवान्याला तरुणच असावं लागतं असं कुठे लिहिलेलं नाही. डॉक्टरांनी पास केलं की झालं. आमच्या हिला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “दादरला माझ्या माहेरी जाताना गेली सव्वीस वर्षं तुम्ही दर वेळी चुकीच्या गल्लीत शिरता. तिथे निदान उतरून विचारता तरी येतं.”

ती ज्याला हात घालत होती तो विषय पुढे माझ्या चांगलाच अंगावर येणार होता. पण नवऱ्याला बायकोचं म्हणणं पटायला जो काळ लागतो, तो अजून जायचा होता.

देशावरच्या एका धावपट्टीवर एक क्लब होता. नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात दोष धावपट्टीचा नव्हता. विमान होतं सेस्ना 152. दोन माणसांचं, एकशे दहा अश्वशक्तीचं. आत बसलं की आपण विमानात बसलो आहोत असं न वाटता आपण विमान अंगात घातलं आहे असं वाटतं. माझे सोबती अठरा ते बावीस वर्षांचे. सगळे मला ‘काका’ म्हणत. इन्स्ट्रक्टरही माझ्याहून सतरा वर्षांनी लहान, पण त्यांना मी ‘सर’ म्हणत असे आणि ते मला ‘साहेब’ म्हणत. त्यामुळे आमच्यात नेमका शिष्य कोण, याबद्दल चहावाल्याचा शेवटपर्यंत गोंधळ होता.

विमान उडवणं ही तशी फार कठीण गोष्ट नाही. उतरवणं त्याहून कठीण. पण खरी कठीण गोष्ट म्हणजे आपण कुठे आहोत हे कळणं. जमिनीवर असताना आपण पाट्यांच्या जिवावर जगतो, हे आपल्या लक्षात येत नाही. वरून पाहिलं तर गावांना नावं नसतात. चार हजार फुटांवरून माढा, मोहोळ आणि माळशिरस ही तीन निरनिराळी गावं आहेत यावर विश्वास ठेवायला मन तयार होत नाही. सगळीकडे तीच पत्र्याची छपरं, तीच पाण्याची टाकी, तोच एस. टी. स्टँड.

ही अडचण माझ्या एकट्याची नव्हे, हे पुस्तकं वाचल्यावर समजलं आणि बरं वाटलं. इंग्रज वैमानिक पूर्वी खाली रेल्वेचे रूळ बघत बघत जायचे आणि त्याला गमतीनं ‘ब्रॅडशॉ’वरून उडणं म्हणायचे, ब्रॅडशॉ म्हणजे आगगाड्यांचं वेळापत्रक. 1921 साली कैरो ते बगदाद टपाल नेण्यासाठी वाळवंटात चक्क नांगरानं रेघ ओढून ठेवली होती. वैमानिकानं रेघेवरून उडत जावं. अमेरिकेत 1930च्या दशकात गावांची नावं मोठमोठ्या अक्षरांत छपरांवर रंगवण्याची सरकारी मोहीमच निघाली होती. आणि आपल्या मुंबईचं म्हणाल, तर 1953 साली एक कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या चिमुकल्या धावपट्टीवर उतरलं. बरं, एकदा झालं ते झालं, तर 1972 साली आणखी एक परदेशी जेट पुन्हा तिथेच उतरलं आणि धावपट्टी संपल्यावरच थांबलं. हे वाचल्यावर मी हिला मुद्दाम बोलावून म्हटलं, “बघ, दादरच्या गल्लीचं तू काय घेऊन बसलीस? लोक सांताक्रूझ समजून जुहूला जेट उतरवतात.” ती म्हणाली, “त्यांच्या बायका विमानात नसणार.”

आमच्या सरांनी दृष्टीच्या भरवशावर मार्ग काढण्याची विद्या तीन शब्दांत सांगितली होती: घड्याळ, नकाशा, जमीन. याच क्रमानं. आधी घड्याळ बघायचं. इतकी मिनिटं झाली, दर मिनिटाला दीड सागरी मैल, म्हणजे आपण इथे असायला हवं. मग नकाशा बघायचा. इथे असलो तर आता डाव्या हाताला तलाव, पुढे रेल्वेचा फाटा आणि त्याच्या पलीकडे टेकडी दिसली पाहिजे. आणि मग, सगळ्यात शेवटी, मान वर करून जमिनीकडे बघायचं आणि तलाव, फाटा, टेकडी तिन्ही आहेत का ते तपासायचं. तीनपैकी दोन जुळून भागत नाही.

“क्रम उलटा केला तर काय होतं?” मी विचारलं.

“उलटा केला तर सगळंच जुळतं,” सर म्हणाले. “आधी जमीन बघितली आणि मग ती नकाशात शोधायला लागलात, तर नकाशा बिचारा काहीही कबूल करतो.”

हे मला लगेच समजलं. मुलगा एकदा पसंत पडला की पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण कसेही जुळतात. समजलं म्हणजे आपल्याला लागू पडतं असं मात्र मला वाटलं नाही. उपदेश समजणारी माणसं बहुधा तो शेजाऱ्याला उद्देशून आहे असं समजतात.

दुसरा धडा यंत्रांचा. विमानात दिशा दाखवणाऱ्या दोन वस्तू असतात. एक म्हणजे साधं होकायंत्र, द्रवात तरंगणारं. ते घरातल्या म्हाताऱ्या आजोबांसारखं. सत्यवादी, पण त्यांना विचारायचं तर घरात शांतता हवी. विमान सरळ, एका वेगानं चाललेलं असलं तरच त्याचं बोलणं खरं. वळणात ते मागेपुढे डुलतं आणि भलतंच सांगतं. दुसरं म्हणजे जायरोवर चालणारं दिशायंत्र. ते जावयासारखं. स्थिर, टापटीप, बघायला छान. पण हळूहळू, कुणाच्या नकळत, खऱ्यापासून सरकत जातं. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी विमान सरळ ठेवून, आजोबांना विचारून जावयाला दुरुस्त करायचं असतं.

तिसरा धडा सरांनी जाता जाता सांगितला. “साहेब, चुकलात तर पहिली गोष्ट करायची ती म्हणजे कबूल करायचं. उंची घेणं, रेडिओवर बोलणं, पेट्रोल जपणं, हे सगळं नंतर. आधी कबुली.” मला वाटलं, ही काय शिकवण्यासारखी गोष्ट आहे?

2002च्या जानेवारीत माझा एकट्यानं करायचा त्रिकोण ठरला. धावपट्टीवरून निघायचं, पूर्वेला कुर्डुवाडी, तिथून दक्षिणेला पंढरपूर, तिथून वायव्येला अकलूजवरून परत घरी. सगळा मिळून सव्वाशे सागरी मैलांचा फेरा. दीड तासाचं काम. कुठे उतरायचं नाही. आपल्या फोनला त्या काळी रस्ता कळत नव्हता. फक्त फोन करता येत असे, आणि तोही क्लबवर ठेवून जावा लागे.

सकाळी साडेनऊला निघालो. हवा स्वच्छ, ऊस गाळपाचे दिवस, कारखान्यांची धुराडी चालू. इंदापूर आलं, उजनीचं पाणी आलं, ठरल्या मिनिटाला ठरल्या जागी. कुर्डुवाडीला दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात. ती फुली खाली अशी स्वच्छ दिसली की, कुणी नकाशा जमिनीवर अंथरून ठेवलाय असं वाटावं. एके काळी बार्शी लाइटची छोटी गाडी इथूनच पंढरपूरला जायची. मी तिच्याच वाटेनं दक्षिणेला वळलो. मिनिटामिनिटाला माझा आत्मविश्वास वाढत होता. तीस वर्षं आपण उगाच बँकेत घालवली, असं वाटण्यापर्यंत तो वाढला.

आणि पंढरपूर आलं.

चंद्रभागा तिथे खरोखरच चंद्रकोरीसारखी वळते. वर्षानुवर्षं ऐकलेलं ते वळण वरून पाहिलं आणि मला भरून आलं. आमची आजी वारी करायची. ज्या वाटेला तिला पंधरा-सोळा दिवस लागायचे, त्या वाटेवर तिचा नातू वरून उतरल्यासारखा आला होता. मी उजवीकडे वळत होतो. वळता वळता खाली मंदिराचं शिखर शोधलं, सापडल्यासारखं वाटलं, आणि एक हात मोकळा करून कपाळाला लावला. तेवढ्यात आठवलं, दिशायंत्र दुरुस्त करायची वेळ झाली. वळणातच होकायंत्राकडे पाहिलं, त्यानं जो आकडा सांगितला तो जावयाला सांगितला, आणि ठरलेल्या दिशेला नाक धरून निघालो. आजोबा त्या वेळी गडबडीत होते, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पांडुरंगाकडे लक्ष असताना होकायंत्राकडे लक्ष राहत नाही आणि होकायंत्राकडे लक्ष असताना पांडुरंगाकडे. दोन्ही एकदम करायला गेलो, हा माझा दोष. त्यात पांडुरंगाला ओढण्याचं कारण नाही.

पंढरपूरहून अकलूज चौदा मिनिटांचं अंतर. तेराव्या मिनिटाला खाली एक धुराडं दिसलं, नदी दिसली, बागायत दिसली. अकलूजला काय असतं? धुराडं, नदी, बागायत. घड्याळ म्हणतंय अकलूज, मग अकलूजच. फक्त एक गोष्ट जराशी खटकली. नकाशात अकलूजला एकटी नीरा आहे. खाली दोन नद्या दिसत होत्या आणि त्या एकमेकींना मिळत होत्या. मी अर्धा मिनिट विचार केला आणि निष्कर्ष काढला. काय निष्कर्ष काढला असेल? की नकाशा जुना आहे.

आज हे लिहिताना कान गरम होतात. माणसानं नवीन रस्ता केला, नवीन धरण बांधलं, हे समजू शकतं. पण कुणाला न सांगता एक अख्खी नदी नव्यानं सुरू झाली, हे मी त्या क्षणी बिनतक्रार मान्य केलं. पण स्वतःची चूक? ती मात्र शक्य कोटीतली वाटली नाही. मी बटण दाबलं आणि बँकेतल्या त्याच खणखणीत आवाजात रेडिओवर जाहीर केलं, “अकलूज ओव्हरहेड, साडेचार हजार फूट.”

त्या दिवशी आमच्या मागून आणखी एक विमान निघालं होतं. नांदेडकडची एक एकोणीस वर्षांची मुलगी, वडील शिक्षक, कर्ज काढून शिकायला आलेली. तिचा तोच त्रिकोण, पण उलट्या दिशेनं आणि वेगळ्या उंचीवरून. तिचाही पहिलाच एकटीचा मार्ग.

अकलूज मागे टाकलं असं समजून मी चार-पाच मिनिटं गेलो. पुढे घरच्या वाटेवरचा कोरडा माळ यायला हवा होता. आलं ते पाणी. थोडंथोडकं नव्हे, क्षितिजापर्यंत पाणी. अकलूजच्या पुढे समुद्र कुठून आला? एक नवी नदी मी पचवली होती, पण समुद्र पचवण्याइतकी माझी प्रकृती चांगली नव्हती. पोटात काहीतरी आत ओढल्यासारखं झालं. मी चुकलो होतो.

आता खरी गंमत. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? पेट्रोल किती आहे? जवळ उतरायला जागा आहे का? नाही. पहिला विचार आला: हे कुणाला कळायला नको. एवढं पाणी या भागात उजनीचंच, हे मला अंधुकसं कळत होतं. मुकाट्यानं डावीकडे वळावं, पश्चिमेला जात राहावं, घर सापडेल. थोडा उशीर झाला तर वारा समोरून होता म्हणून सांगावं. आकाशात साक्षीदार नसतात.

इतक्यात रेडिओवर तिचा आवाज आला. नेहमी टणटण बोलणारी ती पोरगी चाचरत होती. इंग्रजीत बोलली, पण त्याचा अर्थ असा: मला वाटलं होतं मी अकलूजवर आहे. पण ते विमान अकलूजवर आहे आणि मला कुठेच दिसत नाही. म्हणजे मी दुसरीकडे कुठेतरी आहे. अकलूज शोधायला दक्षिणेकडे जाते आहे.

ती अकलूजवरच होती. नेमकी, अचूक, ठरल्या मिनिटाला अकलूजवर. तिनं घड्याळ पाहिलं होतं, नकाशा पाहिला होता, जमीन पाहिली होती, तिन्ही जुळली होती. आणि मग तिनं माझा आवाज ऐकला होता. काकांचा आवाज. तिन्ही खऱ्या साक्षी तिनं माझ्या एका खोट्या वाक्यासाठी बाजूला ठेवल्या आणि स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवून ती खरोखरच चुकायला निघाली होती.

बटण अंगठ्याखाली होतं. ते दाबायला किती वेळ लागतो? निमिषार्ध. मला दोन मिनिटं लागली. पुढे पुष्कळदा मी त्या दोन मिनिटांचा हिशेब केला आहे. बँकेतला माणूस, हिशेबाशिवाय चैन पडत नाही. दर मिनिटाला दीड मैल, म्हणजे मी माझी अब्रू चाचपत बसलो होतो तेवढ्यात ती पोरगी तीन सागरी मैल चुकीच्या दिशेला गेली. त्या दोन मिनिटांत मी काय करत होतो? तर ‘मी चुकलो’ याला इंग्रजीत जरा भारदस्त शब्द आहे का, ते शोधत होतो.

शेवटी बोललो. “माझी अकलूजची खबर चुकीची होती. मी अकलूजवर नव्हतो. मी कुठे आहे हे मला खात्रीनं सांगता येत नाही.” आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

क्लबवरच्या रेडिओवर सर होते. मला वाटलं, आता विचारतील, तुम्ही कुठे आहात? त्यांनी ते विचारलंच नाही. शांतपणे म्हणाले, “कुठे आहात ते राहू द्या. खाली काय दिसतंय ते सांगा.”

“पाणी.”

“आणखी?”

“उजवीकडे लांबच लांब भिंत. धरणाची.”

“भिंतीखालून मोठा रस्ता जातो?”

“जातो. ट्रक दिसताहेत.”

“मग तो सोलापूर रस्ता. डावीकडे वळा, रस्ता धरा, इंदापूर दिसेल. तिथून पश्चिमेला या. सरळ झाल्यावर होकायंत्र बघा. सरळ झाल्यावर.” आणि मग तिला: “तुला वळायच्या आधी खाली काय दिसलं होतं?”

“नदी, सर. मोठं गाव. नदीकाठी जुना कोट.”

“तेच अकलूज. तू बरोबर होतीस. परत ये तिथपर्यंत आणि पुढे जा.”

बस. सात-आठ वाक्यांत दोन माणसं आपापल्या जागी आली. ‘मी कुठे आहे’ याबद्दल माझं मत होतं, आणि मत चुकलं होतं. ‘खाली काय दिसतंय’ याचं उत्तर द्यायला मताची गरज नव्हती, फक्त खरं बोलायची होती. उभ्या आयुष्यात मला कुणी हा दुसरा प्रश्न विचारला नव्हता. मीही कुणाला विचारला नव्हता.

उतरलो. पाय थरथरत होते. सरांनी रागावून बोलावं अशी माझी फार इच्छा होती. बोलणी खाल्ली की हिशेब मिटतो. त्यांनी फक्त नकाशा पुढे केला. दोन नद्यांचा संगम म्हणजे नीरा-नरसिंगपूर. नीरा भीमेला मिळते ती जागा. पंढरपूरपासून वीस मैल, अकलूजच्या बाजूला आठ मैल. वैमानिकांचा एक सोपा कोष्टकवजा नियम आहे: साठ मैलांत एक मैल हुकलात तर दिशा एक अंश चुकली. वीस मैलांत आठ, म्हणजे साठात चोवीस. चोवीस अंश. एका नमस्काराचे.

“पण सर, धुराडं होतं,” मी क्षीण आवाजात म्हणालो.

“साहेब, सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाना ही खूण होत नाही,” सर म्हणाले. “ते तिथलं पीक आहे.”

मग ते म्हणाले, “संध्याकाळी मुलांना तुम्हीच सांगा. मी सांगण्यापेक्षा बरं.” त्या संध्याकाळी पंधरा-सोळा पोरांसमोर फळ्यावर त्रिकोण काढून मी माझी चूक सांगितली. वळणातला नमस्कार सांगितला तेव्हा पोरं हसली. नवीन नदीचं सांगितलं तेव्हा बाकं वाजवली. दोन मिनिटांचं सांगायचं की नाही, हे शेवटपर्यंत ठरत नव्हतं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं, सरांनाही नाही. ती मागच्या बाकावर वही घेऊन बसली होती. सांगितलं. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

नंतर चहाच्या टपरीवर ती माझ्याजवळ आली. मी म्हटलं, “माफ कर, बाळ.” ती म्हणाली, “तसं नाही, काका. पण मला वाटलं, तुम्ही एवढे मोठे, बँकेत साहेब होतात, तुम्ही कसे चुकाल? मीच चुकले असणार.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला ती असती तर बरं वाटलं असतं. तीस वर्षांत माझ्या खणखणीत आवाजापुढे किती जणांनी ‘मीच चुकलो असणार’ म्हणून आपलं बरोबर असलेलं पासबुक परत खिशात घातलं असेल, याचा हिशेब कुठल्या खतावणीत सापडणार?

आत्मविश्वास सद्गुण की दुर्गुण, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. 1938 साली डग्लस कॉरिगन नावाचा एक अमेरिकन न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला म्हणून निघाला आणि अठ्ठावीस तासांनी आयर्लंडमध्ये उतरला. अटलांटिक ओलांडायची परवानगी त्याला सरकारनं नाकारलेली होती. तो म्हणाला, ढगांत होकायंत्र नीट वाचता आलं नाही, चुकून आलो. 1995 साली वारला, तोवर त्यानं हे म्हणणं सोडलं नाही. लोकांनी त्याची मिरवणूक काढली. मलाही तो माणूस आवडतो. थाप मारावी तर अशी, एका महासागराएवढी. पण त्याच्या शब्दावर विसंबून त्या दिवशी मागून कुणी उडत नव्हतं. एकट्यानं ठाम असायला हरकत नाही. आपलं आपण भोगतो. पण आपला आवाज कुणाच्या तरी कानात जाऊन त्याचा नकाशा होत असेल, तर तोंडातून गावाचं नाव काढण्यापूर्वी तीन खुणा जुळल्या की नाही हे पाहावं लागतं. आणि बाप, मास्तर, साहेब, काका यांचा आवाज नेहमीच कुणाच्या तरी कानात जात असतो.

मला परवाना मिळाला. पुढे काही वर्षं उडलोही. माझा आत्मविश्वास वाढला का, असं लोक विचारतात. वाढला, पण तो पूर्वीच्या जागी वाढला नाही. पूर्वी मला आपण चुकणार नाही अशी खात्री असे. नंतर नंतर आपण चुकणार, अशी खात्री वाटू लागली, आणि चुकल्यावर काय करायचं ते माहीत आहे याचा धीर वाटू लागला. दर पाच मिनिटांनी मी स्वतःला विचारायचो, नसलो इथे तर कुठे असेन? हा प्रश्न विचारत उडणाऱ्याला झोप कमी लागत असेल, पण तो घरी पोचतो.

ती मुलगी आज कॅप्टन आहे. मोठी जेट विमानं चालवते. त्यांत उपग्रह असतात, पडदे असतात, विमान स्वतःच सांगतं मी इथे आहे म्हणून. दिवाळीला तिचा फोन येतो. गेल्या वर्षी मी विचारलं, “आता तर चुकायची सोयच राहिली नसेल?” ती हसली. म्हणाली, “काका, शेजारी नवीन फर्स्ट ऑफिसर बसला असला ना, की मी त्याला पहिल्यांदा सांगते, मी काही चुकीचं बोलले आणि तुला खाली वेगळं दिसलं, तर तुला जे दिसलं ते सांग. माझा आवाज मोठा आहे म्हणून गप्प बसू नकोस.” फोन ठेवल्यावर मी बराच वेळ चष्मा पुसत बसलो.

परवा आमच्या चौकात एका गृहस्थांनी मला थांबवून कुठल्याशा सोसायटीचा पत्ता विचारला. सवयीनं हात वर गेला, बोट ताठ झालं. मग हात खाली घेतला आणि म्हणालो, “मला माहीत नाही.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की, पुण्यात राहून या माणसाला लाज कशी वाटत नाही! मग ते शेजारच्या पानपट्टीवर उभ्या असलेल्या एका तरुणाकडे गेले. त्यानं तोंडातलं पान एका गालात सारलं, हात वर केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “असेच सरळ जा, मग उजवीकडे वळा.”

ते समाधानानं निघून गेले. सरळ गेल्यावर उजवीकडे काय आहे ते मला माहीत होतं. तिथे नदी आहे.

मी चपला सरकवल्या आणि त्यांच्यामागे धावलो.